साडेचार किलोची स्प्रिंग

२ फेब्रुवारी, सोमवार

गाडीचे पुढचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळतायत. मौनीबाबाने गाडी वर उचलली, तेल लागलेलं बोट मला दाखवलं आणि म्हणाला, "गेले." मेकॅनिक म्हणून हा माणूस लाखात एक. पण शब्द असा देतो, जणू स्वतःचा दात उपटून देतोय. म्हणून तर नाव मौनीबाबा.

"आणि मागचे?"
"जातील."

म्हणजे चारही बदलायचे. आणि बदलायचेच आहेत तर पुन्हा कंपनीचेच कशाला? — हा विचार यायला मला गॅरेजच्या दारापर्यंतचा वेळ लागला. खरं तर तेवढाही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, घेऊन दवाखान्यात. डिसेंबरात ते बाथरूममध्ये पडले, कमरेच्या मणक्याला बारीक चीर गेली. ती सांधली. आता सोमवारी आणि गुरुवारी पाठीचे व्यायाम. बावीस किलोमीटर जायला, बावीस यायला. नवऱ्याचं ऑफिस त्याला सोडत नाही. माझं काम फिरतीचं, दुकानांतले वजनकाटे तपासायचं, म्हणून हे माझ्याकडे. त्यांना दारात सोडते, शेजारच्या घाऊक बाजारातले काटे तपासते, तासाभराने परत उचलते.

बाबा एकतीस वर्षं बस चालवत होते. आता शेजारच्या सीटवर बसून चालवतात. त्यांचा उजवा पाय माझ्याआधी ब्रेक दाबतो. वाटेत एकतीस स्पीडब्रेकर आहेत, हेही त्यांनीच मोजलं. "वर्षाला एक," म्हणाले. हसले नाहीत. मीही नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

बाजारातला एक काटा किलोमागे चाळीस ग्रॅम खात होता, म्हणजे जास्त सांगत होता. सील केला. दुकानदार म्हणाला, "ताई, काटा म्हातारा झालाय." म्हटलं, म्हातारा झाला की माणूस कमी सांगतो, जास्त नाही.

घरी येऊन शॉकचं वाचत बसले. नुसत्या आखूड स्प्रिंगा घालायच्या आणि शॉक कंपनीचे ठेवायचे, तर गाडी दिसते झकास, चालते बेडकासारखी. स्प्रिंग आणि शॉक जोडीने घ्यायचे, तर बरं. पण उंची ठरलेली, कडकपणा ठरलेला, नंतर कुरकुर करायची सोय नाही. तिसरं म्हणजे कॉइलओव्हर. स्प्रिंग शॉकवरच चढवलेली, उंची फिरवून कमीजास्त करता येते, शॉकच्या डोक्यावर एक बटण असतं. टिक टिक करत फिरवायचं, कडक, मऊ.

मला ते बटण हवंय. उगाच कशाला ताकाला जाऊन भांडं लपवू!

१० फेब्रुवारी

विषय एवढाच आहे की गाडी एक आणि कामं दोन. महिन्यातून एक रविवार रेसिंगचा ट्रॅक. उरलेले दिवस बाबा, काटे, किराणा.

ट्रॅकवर माझी सर्वांत चांगली लॅप, म्हणजे एक फेरी, एक मिनिट चौतीस पूर्णांक आठ सेकंद. दोन वर्षं तिथेच अडकलेय. अडतीस वर्षांची आहे. पहिल्यांदाच एक जागा अशी सापडली जिथे मी कुणाला नेऊन सोडत नाहीये, कुणाला आणायला जात नाहीये. जिथून निघते तिथेच परत येते, आणि तरी लोक टाळ्या वाजवतात. कोपऱ्यात उभे असलेले दोघेजण तरी.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जेवताना विषय काढला. नवरा म्हणाला, "अगं, गाडी आहे, गाडीसारखी ठेव." हा स्वतः मागच्या सीटवर बसला की त्याला मळमळतं, पुढे बसला की भीती वाटते. सल्ला मात्र दोन्हीकडून.

बाबा म्हणाले, "कडक घाल."
"तुमच्या पाठीचं काय?"
"पाठ माझी आहे. गाडी तुझी आहे. हिशेब वेगळे."

हे माझ्यासाठी म्हणाले की खरंच म्हणाले, कळलं नाही. एकतीस वर्षं ज्यांनी उभ्या माणसाचा हात दांड्यावरून सुटू दिला नाही, ते कडक घाल म्हणतात!

मी मात्र दुसरा अर्थ पटकन उचलला. सोयीचा होता.

१ मार्च, रविवार

ठरलं. कॉइलओव्हर मागवले. कंपनीची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला अडीच किलो लागतात. हिला आठ. इंटरनेटवर सगळे लिहितात, "रोजच्या वापराला उत्तम." हे सगळे तेवीस वर्षांचे असावेत आणि कुणालाच मणका नसावा.

तरी मागवले.

८ मार्च, रविवार

बसले. गाडी साडेतीन सेंटिमीटर खाली. मौनीबाबाने कोपऱ्यावर हाताने दाबून बघितलं. गाडी हलली नाही, मौनीबाबा हलला.

"कडक आहे," म्हणाला.

त्याच्या मानाने भाषणच.

१२ मार्च, गुरुवार

सोमवारी बाबा जाताना काही बोलले नाहीत, येताना काही बोलले नाहीत. आज मीच विचारलं.

"मस्त आहे," म्हणाले. दोन्ही हातांनी दारावरची मूठ धरली होती. एका हाताने धरलेली मी पूर्वी बघितली होती.

स्पीडब्रेकर मोजले नाहीत. ब्रेकसाठी पायही दाबला नाही. डोळे मिटून बसले होते. झोप लागली असेल असं मी ठरवलं.

१९ मार्च, गुरुवार

बटण सगळ्यात मऊ बाजूला फिरवलं. काही फरक नाही. उलट गाडी आधी आदळते, मग उसळते. नवऱ्याने सुचवलं, बाबांना टॅक्सीने पाठवू. बाबा एकदम ताठ झाले. "टॅक्सीवाल्यांना गाडी चालवता येत नाही."

"बाबा, तुम्ही एकाही टॅक्सीत बसला नाहीयेत."
"मागून बघितलंय एकतीस वर्षं."

विषय संपला.

२९ मार्च, रविवार

एक मिनिट एकतीस पूर्णांक सहा!!

गाडी वळणात झुकतच नाही. वळव म्हटलं की वळते. तिसऱ्या वळणावर डांबर उचकटलंय तिथे चाक हवेत जातं आणि गाडी एक पाऊल बाहेर सरकते, पण तेवढं चालायचंच. घरी येईपर्यंत एकटीच हसत होते. सिग्नलला शेजारच्या माणसाने काच वर घेतली.

३० मार्च, सोमवार

बाबांना गाडीतून उतरता येईना.

दवाखान्यातून आलो, दार उघडलं, त्यांनी एक पाय बाहेर टाकला आणि तसेच बसून राहिले. "उसण भरलीय," म्हणाले, "पाच मिनिटं थांब." पाच मिनिटांची पंचवीस झाली. मी खाली गुडघ्यांवर बसून त्यांचे बूट सोडले — कशाला, देव जाणे. बूट सोडून पाठ सुटत नाही. शेवटी काखेत हात घालून उचललं. त्यांनी माझ्या खांद्यावर कपाळ टेकवलं. आवाज केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

नवरा संध्याकाळी घरी आला. तो आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही. इतकंच म्हणाला, "तीन सेकंदांसाठी?"

तीन पूर्णांक दोन. हे मी तोंडाने म्हटलं नाही. पण मनात दुरुस्त केलं, आणि ते मला जास्त लागलं.

३१ मार्च

बाबा म्हणाले, व्यायाम दोन-तीन आठवडे बंद ठेवू, मीच फोन करून कळवतो. मी करते म्हटलं तर म्हणाले, "माझी पाठ, माझा फोन."

४ एप्रिल, शनिवार

नवऱ्याला म्हटलं, चल, आज तू चालव. दवाखान्यापर्यंत आणि परत. मी बाबांच्या सीटवर बसले आणि डोळे मिटले.

डोळे मिटून बसलं की स्पीडब्रेकर कधी येणार कळत नाही. चालवणाऱ्याला सगळं आधी कळतं, त्याचं अंग आपोआप तयार होतं. शेजारच्याचं होत नाही. माझी पाठ अडतीस वर्षांची आणि धड. अकराव्या स्पीडब्रेकरला मी मूठ धरली. सतराव्याला दुसरा हात लावला.

परत आल्यावर नवरा खाली उतरला आणि म्हणाला, "पाणी आण ना जरा." आणून दिलं. दोघं गाडीला टेकून उभे राहिलो. गाडी आमच्या वजनानेही दबली नाही.

७ एप्रिल, मंगळवार

मौनीबाबाकडे गेले. म्हटलं, काढ. कंपनीचे बसव. झालं माझं ट्रॅक-बिक.

त्याने हात पुसले, स्टूल ओढलं आणि बोलला! जसं आठवतंय तसं लिहून ठेवते, कारण पुन्हा होणार नाही.

"कडक म्हणजे वेगवान, हे कुणी सांगितलं? गुळगुळीत रस्ता असेल तर खरं. तुमचा रस्ता तसा नाही, तुमचा ट्रॅकही तसा नाही. तिसऱ्या वळणाला चाक उडतं ना? उडालेलं चाक काय पकडणार, हवा? स्प्रिंग मऊ घ्या. ती दबू दे, दबायचं तिचं कामच आहे. परत उसळताना तिला आवरायला शॉक चांगला लागतो. पैलवान नको, आवरणारा पाहिजे. हेच शॉक खोलून आतलं बदलतो. स्प्रिंग साडेचारची. उंची दोन सेंटिमीटर वर. काढायचं काही नाही."

मी विचारलं, "हे फेब्रुवारीत का नाही सांगितलंस?"

"विचारलं नाहीत. तुम्ही बटण-बटण करत होतात."

१८ एप्रिल, शनिवार

नवीन स्प्रिंगा बसल्या. ऑफिसातून चार काटे आणले, प्रत्येक चाकाखाली एक. चारी कोपऱ्यांवर वजन नीट वाटलं गेलं पाहिजे, आणि माणसं बसलेली असताना वाटलं गेलं पाहिजे. मी माझ्या जागी, बाबा त्यांच्या जागी. दहा मिनिटं हलायचं नाही. बाबा फोटो काढायला बसल्यासारखे बसले.

मौनीबाबा एक नट फिरवायचा, आकडा बघायचा, दुसरा फिरवायचा.

काटे होतेच, म्हणून बाबांनाही उभं केलं. जानेवारीत सत्तावन्न किलो होते. आज साठ. काटा मीच तपासलेला, त्यामुळे वादाला जागा नाही. "गाडी जड केली मी तुझी," म्हणाले.

२० एप्रिल, सोमवार

व्यायाम पुन्हा सुरू. गाडी दबते, उठते, थांबते. एकदाच. डुलत बसत नाही.

सहाव्या स्पीडब्रेकरनंतर बाबांनी मूठ सोडली. हात मांडीवर ठेवले. उजवा पाय माझ्याआधी ब्रेक दाबायला लागला. पुलावर आल्यावर आपणहून म्हणाले, "हां. आता उभा माणूस पडणार नाही."

२३ एप्रिल, गुरुवार

येताना म्हणाले, नदीकडच्या रस्त्याने घे. नऊ किलोमीटर जास्त. म्हटलं, काही काम आहे? म्हणाले, "रस्ता आहे." घेतला.

३ मे, रविवार

बाबा ट्रॅकवर आले! घडीची खुर्ची, टोपी आणि मनगटावर नोकरीत मिळालेलं घड्याळ. नवरा सावलीत.

सकाळी एक मिनिट एकतीस पूर्णांक नऊ. कडक स्प्रिंगांपेक्षा हळू. ठीक आहे म्हटलं, तेवढं चालायचंच. खरंच वाटत होतं ठीक, पण तोंड पडलं असणार. बाबांनी हाताने बोलावलं.

"तिसऱ्या वळणाला ब्रेक एकदम सोडतेस. माणसं पुढून मागे आपटतात."
"गाडीत माणसं नाहीयेत, बाबा."
"आहेत असं समज. पाय हळू उचल."

चाळीस माणसं भरलेली आहेत असं समजून चालवलं. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. तिसऱ्या वळणावर चाक उडालं नाही, कुणी पडलं नाही.

एक मिनिट एकतीस पूर्णांक पाच. एक दशांश कमी.

बाबांच्या घड्याळात एकतीस. "तुमचं यंत्र पुढे आहे," म्हणाले.

७ मे, गुरुवार

बाबांना दारात सोडून बाजारात गेले. व्यायाम घेणारी बाई भाजी घेताना भेटली. "काका कसे आहेत?" म्हटलं, आत्ताच तर सोडलं तुमच्याकडे. ती गोंधळली. व्यायाम सव्वीस फेब्रुवारीलाच संपले म्हणे, पाठ उत्तम. मधेमधे येतात, बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसतात. आम्हाला वाटलं, तुमचं इकडे काम असतं म्हणून.

कडक स्प्रिंगा आठ मार्चला बसल्या. त्यांवर दवाखान्याच्या सात फेऱ्या, एकही व्यायामासाठी नाही.

तासाने आणायला गेले. दारात उभे होते. "आज जरा जास्तच करून घेतलं तिने," म्हणाले, आणि कंबर धरून बसले. मी त्यांचा पट्टा लावला. नदीकडच्या रस्त्याने घेतलं.

सोमवारी दहाला निघायचं.