गाऱ्हाण्यातलं नाव

६ फेब्रुवारी २०२३, सोमवार
आज सकाळी पूजेआधीच वायफायचा डबा काढला आणि कपाटात धोतरांखाली ठेवला. शीतलने पाववाल्या पोदेराला दारात अडवून विचारलं होतं, "आज उशीर का? काल संध्याकाळी कुठे होतात?" पाव मोजता मोजता बिचारा थबकला. "बाय, हांव पाव विकतां, चोरी करिना!" अठरा वर्षांची पोर! रोज खऱ्या खुनांचे माहितीपट बघते आणि दिवसाढवळ्या मागल्या दाराला कडी घालते. पार्वती म्हणाली, "आता आईची पण उलटतपासणी घेईल."

९ फेब्रुवारी
देवळातली मोठी पितळी समई गेली!

१० फेब्रुवारी
देवस्थानची बैठक. समितीतला गोकुळदास म्हणाला, "देवळात फरशी बसवायला येतो तो विठूच चोर. सगुणने बघितलंय." सगुण बैठकीला नव्हता. सोमवारी विठूचं नाव घेऊन देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गाऱ्हाण्याचा मान आमच्या घराण्याचा — बोलायचं मी, जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. विठू सावंतवाडीकडचा. देवापुढे चोर ठरला की पेडण्यात त्याला काम कोण देणार? मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

११ फेब्रुवारी
पार्वतीने शीतलला सगळं सांगितलं. पोर स्कूटर घेऊन गेली ती दुपारी उगवली.
"बाबा, दोघांना वेगवेगळं गाठलं. गोकुळदासकाका म्हणतात, सगुणने बघितलं. सगुणकाका म्हणतात, मी कुठे बघितलं, मला गोकुळदासने सांगितलं! मग बघितलं कोणी?"
"हे कुठे शिकलीस गो?"
"तुम्ही डबा लपवलात ना, त्याच्यात!"
ऊर भरून आला. तोंडावर दाखवलं नाही. म्हटलं, "मग पोदेराने काय केलं होतं?" ओशाळली.

१२ फेब्रुवारी
शीतलने पोदेराला बसवून चहा दिला. मागलं दार दिवसभर उघडं! डबा जागेवर लावला.
गोकुळदासचा निरोप — "उद्या कचरू नकोस. देवच तुझ्या तोंडून बोलतो." तसं असेल तर मला फारच जपून बोलायला हवं. झोप नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार
समई सापडलेली नाही. विठूला बोलावून माझ्या शेजारी उभा केला, नारळ त्याच्या हातात दिला आणि गाऱ्हाणं घातलं — "समई नेताना आमच्यापैकी कोणी कोणाला बघितलेलं नाही, म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!" सगुणचा आवाज सगळ्यात मोठा. मग, जरा थांबून, गोकुळदासचा.