घुशीचं बाळंतपण

मावशी, तुमाले जाऊन लय वर्सं झाली. मी चौथीपर्यंतच शिकली, तवा चुका काढू नका. जिवंतपणी पुष्कळ काढल्या.

शेतकी कॉलेजच्या उंदीरखोलीत मी नवी होती. रोहण्याच्या वावरातून धरलेल्या घुशी तिथं सिमेंटच्या टाक्यात ठेवत. कोंडलेली घूस गाभण राह्यत नाई, असं साहेब म्हणत. तुमी टाक्यात हातभर माती भरली, त्यात मडकं आडवं पुरलं, अंदर धानाचं वाळलं तणस घातलं अन् घुशीची एक जोडी सोडली. मादीनं मातीत बीळ कोरलं अन् तीन आठवड्यांवर त्या मडक्यातच व्याली. सात पिल्लं. बोटाच्या पेरायेवढी, लाल, उघडी, डोळे मिटलेले, कानही चिकटलेले. तुमी बॅटरी धरून दाखवली अन् म्हटलं, "हात नको लावजो. पिल्लायचे डोळे उघडेपर्यंत हे घूस तुही सासू हाय असं समज. दुरूनच पाया पडजो."

पाचव्या दिवशी तुमी डबा खायाले गेल्या. आमच्या घरी पाचवीले बाळंतिणीचं सारं अंथरूण बदलते, खोली सारवते. तणसाले वास येऊन राह्यला होता. मले वाटलं, लेकुरवाळी ते लेकुरवाळी. मी मडकं रिकामं केलं, नवं तणस भरलं, एकेक पिल्लू हातानं परत ठेवलं. लय नीट ठेवलं. तुमी येईपर्यंत तिनं चार खाल्ली होती. संध्याकाळपर्यंत एकही उरलं नाई.

साहेबानं विचारलं, हात कोणी घातला. तुमी माह्याकडे पाह्यलं. मी बादलीतल्या जुन्या तणसाकडे. मंग तुमीच बोलल्या, "खोली माह्या ताब्यात असते, साहेब." तुमाले होस्टेलच्या झाडलोटीवर पाठवलं अन् खोली मले भेटली.

त्यानंतर माह्या हाताखाली किती तरी व्याल्या. मी हात लावला नाई. आठवड्यात लव येते, दोन आठवडे उलटले की डोळे उघडतात. महिन्याचं पिल्लू कोपऱ्यात आपलं बीळ कोरते, कोणी शिकवलं नसताना. साहेब पाहुण्याईले दाखवत, म्हणत, हे बाईनं वाढवलेलं. मी मान डोलवत होती.

काल तिथंच नव्या पोरीले काम दाखवाले मले बोलावलं. तिले सांगतलं, पाचव्या दिवशी एका मावशीनं तणस बदलवलं अन् सात पिल्लं गेली. ते म्हणे, "इतकी अडाणी होती का ते बाई?" मी हो म्हटलं.

तुमची पोरगी हिंगणघाटले असते. हा कागद तिच्या हाती द्याचा म्हणून लिहाले बसली होती. आता नाई देत. तिले चांगलं वाचता येते.