खनक नाई

६ जाने. २००८, गोरेगाव (जि. गोंदिया)
गिटार गेली. चोरीला नाही, कामातून. मान पिळली होती म्हणून सुताराकडे दिली. त्याने खाटेच्या पायासारखी शिकंज्यात आवळली, वरच्या चार पट्ट्या उखडल्या आणि वर मलाच म्हणतो, "पाहा मॅडम, कसी सरळ केली." सरळ झाली खरी. वाजत नाही.
बाबांनी मानेवरून अंगठा फिरवला आणि ठेवून दिली. टाटानगरहून आणलेली इलेक्ट्रिक गिटार, लग्नाच्याही आधी. आई तिला मोठी सवत म्हणते.

९ जाने.
शाळेत शिकवून आले तर नामाकाका ओसरीवर. आमच्या भीमगीतांच्या पार्टीचे गायक, म्हणजे पार्टी त्यांचीच. "कीबोर्डवाल्याले इचारलं मी. त्याच्यात गिटारीचं बटन आहे. जयंतीले तेच लावू."
बाबा शेजारीच होते. नुसते हसले. मला रागच आला. तीस वर्षांची जागा एका बटनावर जाते आणि हसायचं कायले?
मी म्हटलं, काका, चौदा एप्रिलच्या आत नवी आणते. म्हणाले, "आन. पन आवाज इटियाडोहवाला पायजे. नाई तं बटन बरं."

१० जाने.
ती कॅसेट पुन्हा ऐकली. इटियाडोह धरणाच्या कॉलनीतला कार्यक्रम, मी तेव्हा दहा वर्षांची. कोणीतरी मांडवात टेप ठेवून भरलेली. मधेच एक बाई ओरडते, "अवं, पोट्टं कोनाचं रडून राहिलं?" आणि तिच्या ओरडण्याच्या वर बाबांची गिटार. काशाच्या वाटीला चमचा लागावा तशी, कडेने जराशी फाटकी. बाबा त्याला खनक म्हणतात.
चार वर्षांपूर्वी बाबांची बोटं आखडली. तेव्हापासून पार्टीत त्यांच्या जागी मी. आणि चार वर्षं प्रत्येक सरावाला हेच ऐकते: "सुजू, खनक नाई."
गिटार तीच होती, तारा त्याच. मग उरलं कोण? मीच.

२७ जाने., रविवार
गोंदियाला जाऊन आले. दुकानदार: "किसके लिए, मॅडम? बच्चे के लिए?"
"मेरे लिए."
त्याने आधी मला पाहिलं, मग साडीला, मग स्टूल पुसून दिलं.
झेपतील अशा दोनच. एक जड, काळी, तारांखाली दोन जाड पिकअप, म्हणजे आवाज उचलणारे चुंबक. आवाज गोल, तूप घातल्यासारखा. दुकानदाराचा जीव तिच्यावर. दुसरी चिनी, लाल, हलकी, तीन बारीक पिकअपवाली. खटका मधल्या आणि मागच्या पिकअपच्या मधे अडकवला की काहीतरी लागतं. टोचतं. हेच का ते? कळेना. पाचदा काळी, पाचदा लाल. शेवटी दोन्ही सारख्याच वाटायला लागल्या.
बाबांना आणते म्हटलं. त्यांच्या कानाशिवाय मी कांदे घेऊ शकते, गिटार नाही.

३ फेब्रु.
बाबा यायला तयार नाहीत. "तुले वाजवायची आहे, तूच पाह्य." मग पाय दुखतो. मग बसमध्ये गर्दी राहते. इतके आढेवेढे त्यांनी कधी घेतले नव्हते. आई चुलीपुढून माझ्याकडे बघत राहिली. काय म्हणायचं होतं कोण जाणे.

१७ फेब्रु., रविवार
शेवटी आले. दुकानात गेल्या गेल्या स्टूल फिरवून पाठ करून बसले. जुनी पद्धत. वाजवणाऱ्याचे हात दिसले की कान आळशी होतात, असं त्यांचं मत. मला शिकवलं तेही असंच, भिंतीकडे तोंड करून.
काळी वाजवली. "नाई."
लाल वाजवली. "खनक नाई."
दुकानदाराने आतून एक तिसरी आणली, जुनी, कोलकात्याकडची. मी आपली डोळे मिटून दोन कडवी पूर्ण वाजवली. बाबा: "हा बी नाई. आवाज पातर आहे."
डोळे उघडले तर दुकानदार वायर हातात धरून उभा. जॅक लागलाच नव्हता. ॲम्प्लिफायर मुका. नुसत्या तारा वाजत होत्या, माझ्या पोटाशी, म्हणून मला लगेच कळलं नाही.
तो हसला, मीही हसले. म्हटलं, पातळ आहे हे तर खरंच आहे. बाबाही हसले, पण कशाला हसतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.
बसमध्ये गोरेगाव यायच्या जरा आधी माझं हसू गेलं. भरल्या मांडवात, ढोलकीच्या गदारोळात, "वायर सैल आहे" असं ओळखणारा हा माणूस.

१८ फेब्रु.
शाळेत लक्ष नाही. पाढे चुकीचे लिहिले फळ्यावर, पोरांनीच सांगितलं.

१९ फेब्रु.
कुकर ठेवला. बाबा चुलीजवळच लाखोरीच्या शेंगा सोलत बसलेले. तीन शिट्ट्या झाल्या. मान हलली नाही. हायवेकडे ट्रकचा हॉर्न वाजला तर वर पाहिलं.
आणि शेंगा. भराभर, टपटप दाणे टोपल्यात. आखडलेली बोटं म्हणे.
आईला मागच्या अंगणात गाठलं. ती धुणं पिळत होती, थांबली नाही. "मले माहीत आहे बाई. चार वरीस झाले. बारीक आवाज जाते त्याईचा. जाड येते."
"मग बोटं?"
"बोटाले काय झालं? काई नाई. लोकाईत कसं सांगावं, गिटारवाल्याचा कान गेला म्हनून. तुले सांगू नोको म्हने."
आयुष्यभर भोंग्याच्या बाजूला बसून वाजवलं, डावा कान त्याच्याकडे करून. कळायला हवं होतं मला.

२० फेब्रु.
वाईट वाटलं पाहिजे ना? राग येऊन राहिला आहे. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय.
चार वर्षं! चार वर्षं मी कमी पडते असं समजून बसले. नखं वाढवली, नखं कापली, तारा बदलल्या, एक कार्यक्रम तर आजारी आहे सांगून टाळला. खनक माझ्यात नव्हती की त्यांच्या कानात पोचत नव्हती? त्या चार वर्षांतलं कोणतं "नाई" खरं आणि कोणतं बहिरं?
आणि हे कोणाला विचारायचं? विचारायचं तर त्यांनाच.

२ मार्च
विचारलं नाही. "गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे जाऊ" एवढंच म्हटलं. बाबा: "काऊन? मले आयकू येते." मग, "आईनं सांगतलं?" मी मान डोलावली. ते उठून विहाराकडे गेले. जेवायला आले तेव्हा नामाकाकांच्या सुनेच्या बाळाच्या बारशाचं बोलले, जसं काही झालंच नाही.

२३ मार्च
नामाकाकांकडे सराव. कीबोर्डवाल्याने बटन दाबलं. आवाज गिटारीचा होता, पण खाली कोणाचं बोट नव्हतं. स्वच्छ. कुठे घसरत नाही, कुठे थकत नाही. नामाकाका खूश. मला म्हणाले, "सुजू, तू गायला बस ना मागं. बायकाईत."
म्हणजे ठरलंच जवळजवळ.

६ एप्रि., रविवार
एकटी गेले. ऐकलं, आणि ठरवलं. ठरवलं म्हणणं मोठं झालं. लाल घेतली. गोल आवाज छान असतो, पण तो कॅसेटमध्ये नाही, एवढं तर मलाही कळतं. कळतं ना?
दुकानदाराला दया आली असावी. "मॅडम, पंद्रह तारीख तक बदल देंगे. पर खरोंच नहीं चाहिए." पावती आईच्या मसाल्याच्या डब्यात.
बाबांनी रंग पाहिला. "लाल काऊन?" एवढंच.

९ एप्रि.
घरी टेपरेकॉर्डरच्या माइकच्या भोकात लावून पाहिली. चिरचिर. कानाशी डास आल्यासारखा आवाज. बाबा समोर बसून होते, मी वाजवतेय हे दिसत होतं, म्हणून मान हलवत होते. तालातही नव्हती मान. मला ते बघवेना. वीज गेली, बरं झालं.
चूक झाली बहुतेक. काळी घ्यायला हवी होती. जाड आवाज निदान बाबांना पोचला असता.
मी गिटार कोणासाठी घेतली? हा प्रश्न आधी पडायला हवा होता.

११ एप्रि.
नामाकाकांना सांगितलं, रविवारी विहारासमोर माइक टेस्ट आहे, तिथे एकदा ऐका. नाही आवडलं तर बटन. म्हणाले, "एकच बार, पोरी." ठीक.

१३ एप्रि., रविवार, दुपार
सगळं नीट लिहायचं आहे. आत्ताच आले आहे.
हल्ली कार्यक्रमांना बॉक्स असतात, आज साउंडवाल्याचा जुना ॲम्प्लिफायर, ट्रकच्या बॅटरीवर. भोंगा कडुनिंबावर बांधलेला. ॲम्प्लिफायरला गिटारीसाठी वेगळं भोक नव्हतंच. त्याने माइकची वायर काढली आणि गिटारीची तिथेच खुपसली. "ताई, फाटेल हां आवाज," म्हणाला. मी म्हटलं, फाटू दे.
बाबा पाराच्या कडेला, पाठ करून. नामाकाका उभे, घड्याळ पाहत.
खटका मधे. इटियाडोहवालं गाणं.
पहिलाच सूर भोंग्यातून गेला आणि माझ्या अंगावर काटा आला. तोच. काशाची वाटी, कडेला फाटकी. तो आवाज एकट्या गिटारीत नव्हताच कधी. गिटार, तो ताणून फाटणारा ॲम्प्लिफायर आणि वरचा पत्र्याचा भोंगा, तिघं मिळून. दुकानात बसून तो सापडणार कसा? तीन महिने मी एकतृतीयांश शोधत होते.
बाबांची पाठ ताठ झाली. "हाच! सुजू, हाच! खनक आहे."
नामाकाकांनी घड्याळावरून हात काढला. "बटन राहू दे मंग," म्हणाले.
म्हणजे जिंकलेच. पण.
भोंगा एवढ्या जवळ, एवढा मोठा. बाबांना खनक ऐकू आली, की इतक्या दिवसांनी नुसतंच ऐकू आलं? आणि मला काटा आला तो आधी, की ते "हाच" म्हणाले त्यानंतर? तासच झालाय आणि मला खात्रीने आठवत नाही. आठवायला हवं होतं. तेवढंच तर माझं स्वतःचं होतं.
बाबा पाठ करून बसलेले होते. वायर माझ्या पायाशी. अंगठ्याने ओढली असती तर त्यांना नक्की काय ऐकू येतं ते कळलं असतं. पाय गेलाही तिच्यापर्यंत.
ओढली नाही. दुसरं कडवं वाजवलं.

संध्याकाळ
नवी पांढरी साडी इस्त्रीला दिली. गिटारीच्या कडेला पारावरच्या चुन्याचा ओरखडा आलाय, लहानसा. दुकानदाराला दिसेल का? मुदत परवापर्यंत. पावती डब्यातून काढली नाही, टाकलीही नाही.
बाबा चहा पिता पिता म्हणाले, "उद्या मी समोर बसतो."
मला वाटलं नेहमीसारखंच. "पाठ करून?"
त्यांनी कप खाली ठेवला.
"नाई. तोंड करून. हात दिसले पायजे मले."