दोरीवरचे बोंबील आणि 'हॅव'

बाई, परवा मी तुमचा 'हॅव'चा धडा कॅमेऱ्यासमोर शिकवला. नवापूरला, आमच्याच किनाऱ्यावर, बोंबील सुकवायच्या वलांडीखाली उभं राहून. धडा चांगला झाला असं सगळे म्हणाले. तेव्हापासून मला जेवण नीट जात नाही, आणि रोजची डायरी लिहायला बसले की पान कोरंच राहतं, कारण त्यात जे लिहायचं ते खरं म्हणजे तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. आता कानशिलांपाशी केस पांढरे झालेत, तरी तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की मी मनातल्या मनात अजून बाकावरून उठून उभी राहते.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मी आठवीत होते. थंडीचे दिवस, बोंबलाचा हंगाम, आणि मी बरेच दिवस शाळेत आलेले नव्हते. तुम्ही शाळा सुटल्यावर मला शोधत थेट किनाऱ्यावर आलात. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या, आणि त्या वलांडींवर आई, शेजारच्या बायका आणि मी ओले बोंबील लावतोय. आई उठली नाही, हात भरलेले होते. पोरगी येईल शाळेत, पण आता हात कमी हायत, एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, आता तुम्ही तिला शिक्षणाचं महत्त्व सांगणार. तुम्ही पदर खोचलात, पालथ्या टोपलीवर बसलात आणि एक बोंबील उचलून दोरीवर टाकलात. तो घसरून वाळूत पडला. दुसरा टाकलात, तोही पडला. शेजारची काकी म्हणाली, बाईंनी आज मांजरांना जेवण ठेवलंय वाटतं. सगळ्या हसल्या, तुम्हीही हसलात. मग आईनं तुमच्या हातातला बोंबील घेतला, त्याच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि जोडी दोरीवर सोडली. एक अलीकडे, एक पलीकडे.

"बाई, येकटा नाय टिकत," ती म्हणाली. "दुसऱ्याला धरला का मंग वारा येऊ दे, नाय त काय येऊ दे."

अंधारायला लागेपर्यंत तुम्ही बोंबील लावत बसलात. दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले.

आणि त्याच दिवशी तुम्ही फळ्यावर 'हॅव' लिहिलंत. मराठीत असं क्रियापदच नाही, तुम्ही म्हणालात. मला भाऊ आहे, माझ्याकडे पेन आहे, माझ्या अंगात ताप आहे. आपण वस्तू बघून शब्द फिरवतो. इंग्रजी मात्र भाऊ, पेन आणि ताप एकाच टोपलीत घालतं. 'आय हॅव अ ब्रदर, आय हॅव अ पेन, आय हॅव अ फीवर.' हे आम्हाला कळलं. मग तुम्ही 'आय हॅव ईटन' लिहिलंत आणि विचारलंत, आता सांगा, याच्या टोपलीत काय आहे? मग तुम्हीच म्हणालात, काहीच नाही. इथे त्याच्याकडे स्वतःचं काही नाही, त्यानं फक्त दुसऱ्या क्रियापदाला धरून ठेवलंय. आणि फळ्यावर एक आडवी रेघ ओढून तिच्यावर जबड्यात जबडा घातलेले दोन बोंबील काढलेत. तुमचं चित्र वाईट होतं, बाई, बोंबील पडवळासारखे दिसत होते. पण आजतागायत मला 'हॅव ईटन' दिसलं की दोरी दिसते.

तेवढ्यावर थांबला असतात तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. तुम्ही माझ्याकडे बोट करून म्हणालात, "हे मला काल हिच्या आईनं शिकवलं." आणि आईचं नाव घेतलंत, पूर्ण, आडनावासकट. आमच्या वर्गात निम्मी मुलं वाडीवरची होती, केळी आणि पानवेलीवाली. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, तरीच वर्गात वास येतोय. मी वेणी नाकाशी नेऊन वास घेऊन बघितला. मधल्या सुट्टीत तुमच्याकडे आले आणि म्हणाले, बाई, पुन्हा सांगताना आईचं नाव नका घेऊ. तुम्ही डबा खात होतात. घास तसाच हातात धरून म्हणालात, "मग मी ते चोरलं, असं होईल गं." रागावून नाही. जणू मी तुम्हाला एखादी अडचण सोडवायला दिली होती आणि ती सुटत नव्हती.

त्यानंतर मी दहावी होईपर्यंत तुम्ही मधूनमधून माझ्या हाती पानांची पुडकी पाठवायचात. माकुणसारच्या तुमच्या वाडीतली विड्याची पानं, केळीच्या खोडाच्या सोपटात बांधलेली. आईकडून सुके बोंबील यायचे. मी दप्तरात दोन्ही नेलं-आणलं. पानं पुस्तकांबरोबर ठेवायचे आणि बोंबील वेगळ्या पिशवीत. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

आता मी बोईसरला शाळेत इंग्रजी शिकवते. वर्गातल्या बहुतेकांचे आईवडील कारखान्यांत आहेत, घरात हिंदी, भोजपुरी, गुजराती. 'मॅडम, हैव का मतलब क्या?' असं दर वर्षी कुणीतरी विचारतं आणि मी दर वर्षी दोन बोंबील काढते. माझेही पडवळासारखेच येतात. यंदा पालघरला शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला तो धडा करून दाखवायला सांगितला. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, हे तुम्हाला सुचलं? मी म्हणाले, हो, म्हणजे, किनाऱ्यावरचीच आहे ना मी. ते वाक्य मी तेव्हापासून किती तरी वेळा तपासलंय. त्यात खोटं काय आहे ते दाखवता येत नाही, इतक्या काळजीनं ते बनवलेलं आहे.

त्यातूनच पुढे व्हिडिओ ठरला. सगळ्या जिल्ह्यातल्या शाळांना दाखवायचा. खऱ्या वलांडीखाली घेऊ, असं प्रशिक्षणवालेच म्हणाले. मी दुसरं गाव सुचवून पाहिलं, पण त्यांना नवापूरच हवं होतं. आईला मी कळवलं नाही. दुपारी तिथे कुणी नसेल असा माझा हिशोब होता. पण आई होती. आता तिला कुणी कामाला लावत नाही, तरी हंगामात ती तिथे जाऊन बसतेच. आम्ही उतरलो तेव्हा मला बघून ती उठायला लागली, आणि माझ्या मागून येणारी माणसं बघून पुन्हा बसली. कॅमेरावाला मुलगा चांगला होता, नम्र. म्हणाला, मागे कुणी बोंबील लावताना दिसलं तर फार छान दिसेल. मग तिच्याकडे वळून, आजी, जरा लावाल का? आई लावायला लागली. त्यानं मला विचारलं, "मॅडम, या कोण?"

आई माझ्यापासून हाताच्या अंतरावर आहे. तिची बोटं ओल्या बोंबलांनी बुळबुळीत झालेली आहेत. मी मान वर करून सांगते, "इथल्याच आहेत."

आईनं ऐकलं. तिचे हात थांबले नाहीत. मी कॅमेऱ्याकडे बघून तुमचा धडा म्हटला, टोपली, भाऊ, पेन, ताप, मग दोरी. 'आय हॅव टु गो'ला मी नेहमी पहाटे होडीवर जावंच लागणाऱ्या माणसाचं उदाहरण देते, तेही दिलं. आणि शेवटी तुमचं ते वाक्य आलं, 'वी हॅड द बोट पेंटेड.' आम्ही होडी रंगवून घेतली. तुम्ही विचारायचात, रंग कुणी दिला? आम्ही म्हणायचो, रंगाऱ्यानं. वाक्यात आहे का तो? नाय. मग होता की नव्हता? होता, बाई. तुम्ही म्हणायचात, तेवढं लक्षात ठेवा. मी ते वाक्य सांगितलं, प्रश्न मात्र विचारले नाहीत. वेळ कमी होता, असं मी त्यांना म्हणाले.

शॉट संपला तेव्हा माझ्या मागून आवाज आला.

"मॅडम, आजून लावू का?"

तिनं आयुष्यात मला कधी मॅडम म्हटलेलं नव्हतं. त्यात टोमणा होता का, की मी जे नाटक मांडलं होतं त्यात ती मला सांभाळून घेत होती, हे मला अजून ठरवता येत नाही. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. माणसं गाडीकडे गेल्यावर तिनं कागदात बांधलेले सुके बोंबील माझ्या पिशवीत घातले, नेहमीसारखे. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुज्या बाईंची पानं ग्वाड व्हती." आणि ती पुन्हा वलांडीकडे वळली.

काल मी त्या कॅमेरावाल्याला फोन केला. व्हिडिओच्या शेवटी दोन नावं टाका म्हणाले. तुमचं नाव सांगताना मला काहीच जड गेलं नाही. आपल्या जुन्या बाईंची आठवण ठेवणारी शिक्षिका, यात माझंही चांगलंच दिसतं. मग आईचं नाव सांगितलं, तुम्ही वर्गात सांगितलंत तसं, आडनावासकट. त्यानं ते लिहून घेतलं आणि विचारलं, या कोण? मी म्हणाले, त्या दिवशी बोंबील लावत होत्या ना, त्या. अच्छा, त्या आजी, तो म्हणाला. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला.

म्हणजे नाव येईल, बाई. आई हा शब्द मी याही वेळी म्हणाले नाही. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच ते तुम्हाला लिहिलं. जिला हे सांगायला हवं ती इथून रिक्षानं अर्ध्या तासावर राहते, आणि आज रविवार असून मी घरीच आहे.