ऊन आहे तोवर

तासगाव, जि. सांगली
दि. २० जुलै २०२५

ती. स्व. आक्कास,
पारसचा शि. सा. न. वि. वि. जय जिनेंद्र.

चातुर्मासात तू फोन वर्ज्य केल्याचे तुझ्या अतिशयकडून समजले. आईच्या नियमाचा मुलालाच त्रास, अशी त्याची तक्रार आहे. माझी नाही. फोनवर तू माझे वाक्य पुरे होऊ देत नाहीस. पत्रात ते तुला शेवटपर्यंत वाचावे लागेल.

विशेष हे की, उत्कर्षाला घेऊन मी पुढील महिन्यात दक्षिण आफ्रिकेस जात आहे. रागावण्यापूर्वी कारण वाचावेस. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, काचबिंदूने तिच्या दोन्ही डोळ्यांच्या शिरा जवळजवळ सुकल्या आहेत. गेलेली नजर शस्त्रक्रियेनेही परत येत नाही. नळीतून पाहावे तसे समोरचे थोडेसे तिला दिसते. तेही दिवाळीपर्यंत टिकेल अशी हमी ते देत नाहीत.

तिने महाविद्यालयात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवले, हे तू जाणतेस. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत नामाक्वालँड नावाचा वाळवंटी मुलूख आहे. एरवी तिथे खडक आणि माती. हिवाळी पाऊस सरताना मात्र काही आठवडे क्षितिजापर्यंत फुले. त्या माळाचे एक चित्र तिच्या कपाटाच्या दारावर आमच्या लग्नापासून चिकटवलेले आहे. दृष्टी आहे तोवर ते तिने प्रत्यक्ष पाहावे, एवढीच माझी इच्छा. हंगाम नेमका चातुर्मासात येतो, त्याला माझा इलाज नाही.

सांगलीहून एक गट निघतो आहे. सोबत तिकडचीच वाट दाखवणारी बाई असेल. फुले, समुद्रकिनारा, देवमासे, पक्षी असा क्रम आहे. तोवर दुकान बंद ठेवतो आहे; दशलक्षण पर्वापूर्वी आम्ही परत येऊ. उत्कर्षा आधी ठामपणे नको म्हणत होती. मग एके दिवशी, का कोण जाणे, माझ्या तोंडाकडे वळून हो म्हणाली.

घरात तिची काहीच अडचण होत नाही. मिठाचा डबा, देवघराची पायरी, न्हाणीतला तांब्या, सर्व पूर्ववत हाताशी येते. डॉक्टर सांगतात तितके बिघडलेले नसावे, असे माझे मत आहे. निघण्यापूर्वी ती दोन दिवस तुझ्याकडे राहून जाईल. अतिशय तिला न्यायला येणार आहे.

राग आला तरी लोभात काटछाट नसावी, ही विनंती.

तुझा,
पारस

---

कोरेगाव, जि. सातारा
३ ऑगस्ट

चि. पारसास चंदनबालाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शेवटपर्यंत वाचलं. बी. कॉम. झाल्यापास्नं तुझं पत्र म्हंजे कोर्टाचा कागद झालाय. खाली सही बघितल्याबिगर भाऊ लिहितोय असं वाटत न्हाई.

चातुर्मासात मुनिमहाराज एका जागी ऱ्हात्यात, किड्यामुंगीवर पाय पडू नये म्हणून. आन माझा भाऊ समुद्र वलांडून फुलं तुडवायला निघालाय! मी उत्कर्षाला म्हनलं, फुलंच बघायची तर आपलं कास काय वाईट हाय? सकाळी निघून दुपारी माघारी येशील. तर म्हनली, आक्का, कास मला पाठ हाय.

काल गेली ती. आली तशी तांदळाचं सूप मांडीवर घेऊन बसली. भिंतीकडं तोंड करून बोटानं खडं काढाय लागली. मी म्हनलं, अगं, उजेडाकडं तोंड कर की. तर हसून म्हनली, बोटांना उजेड लागत न्हाई. आन खरंच एक खडा ऱ्हायला न्हाई त्यात. माझी सून चष्मा लावून निवडती तरी दाताखाली येतोय. सांजच्याला मात्र मला दोन-तीनदा इच्यारलं, दिवस हाय का अजून. भूक लागली आसंल म्हणून मी लौकर वाढलं.

जा बाबा. तू एवढं ठरवलंयस. पर दोन गोष्टी ध्यानात ठेव. दिवस बुडायच्या आत तिला जेवू घाल. दिवस बुडाला की तिला अन्न न्हाई आन पाण्याचा घोटबी न्हाई, हा तिचा नेम तुझ्या घरात यायच्या आधीचा हाय. तुझ्या गटासाठी मोडू नकोस. आन हिरव्यावर पाय देऊ नका.

तिकडनं तू कागदावर लिही आन फोटो धाड, अतिशय छापून आणून देणार हाय, माझंबी तसंच तिकडं धाडणार हाय. फोन त्याचा, कागद माझा. माझा नियम मोडत न्हाई.

मायेत हायेस तसाच ऱ्हा. दोघं जपून जावा.

चंदनबाला

---

नामाक्वालँड
दि. १७ ऑगस्ट

ती. स्व. आक्कास,
पारसचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या नियमातील पळवाट वाचून समाधान वाटले. आपल्या घराण्यात हिशेबाची बुद्धी एकट्या मलाच मिळालेली नाही.

आम्ही सुखरूप आहोत. हवा थंड असून आकाश आल्यापासून झाकलेले आहे. हेच दुःख आहे. ही फुले ऊन असेल तरच उघडतात आणि सूर्याकडे तोंड करून राहतात. ढग आले की पाकळ्या आवळून घेतात. वाट दाखवणारी एल्सा नावाची बाई फार मायाळू आहे. दररोज सकाळी ती आकाशाकडे पाहते आणि आमची क्षमा मागते, जणू ढग तिनेच आणले. सारा माळ मिटलेल्या छत्र्यांसारखा करडा-हिरवा पडून आहे.

गटात विट्याचे नाथाजी म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांचे सोने गाळण्याचे दुकान मदुराईला आहे. ते म्हणतात, आवं शेठ, आमी जलमभर सोनं आटवलं, आन हितं देवानं सोन्याचं दुकानच बंद ठेवलंय. वर पाटीबी न्हाई कवा उघडणार त्याची. उत्कर्षाला ते वैनी म्हणतात आणि उतरताना हात देतात. माझ्या आधी त्यांचा हात पुढे होतो, हे मला थोडे खटकले.

काल एक गोष्ट घडली ती लिहितो. वाळवंटी हरणांचा कळप पाहून आम्ही एका टेकडीखाली थांबलो. उत्कर्षा पायवाटेवरच उभी राहिली. हिरव्यावर पाय पडू नये म्हणून तिने माझी बाही धरली होती. तुझी आज्ञा अक्षरशः पाळली गेली. एल्साने तिला कसे वाटते म्हणून विचारले. तिने टेकडीकडे तोंड करून सांगितले की, पायथ्यापासून माथ्यापर्यंत हा नारिंगी रंग किती एकसारखा पसरला आहे. चित्रात पाहिला त्याहून गडद आहे. त्या वेळी टेकडीवर एकही फूल उघडे नव्हते. नाथाजींनी माझ्याकडे पाहिले आणि ते बुटाची नाडी बांधू लागले. माझ्या मते उत्कर्षाने त्या बाईचे मन राखले. ती आकाशाबद्दल इतकी खजील झाली होती! कुणाला ओशाळे होऊ द्यायचे नाही, हा उत्कर्षाचा स्वभावच आहे.

जेवण वेळेत होते. घरी दिवेलागणीचा अंदाज तीच घेत असे. इथे रोज मला विचारते, दिवस आहे ना. परका देश आहे, सूर्यही ढगाआड. मी घड्याळ पाहून सांगतो आणि मग ती दशमीचा घास मोडते.

उत्कर्षा नमस्कार सांगते. ऊन पडावे म्हणून तू तिकडे एक माळ जप. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

तुझा,
पारस

---

कोरेगाव
१८ ऑगस्ट

चि. पारसास आशीर्वाद.

पत्र मिळालं. माळ जपली. ऊन पडायचं आसंल तर पडंल.

नाथाजी भला माणूस दिसतोय. त्यानं हात फुडं केला म्हणून मनात आणू नकोस. उलट त्याच्याआधी तुझा हात जाऊ दे. आन माळाकडं कमी बघ. फुलं कुठं जात न्हाईत. तुझ्या बाहीला कोण धरलंय तिकडं बघ.

जास्त लिहीत न्हाई. माया हाय तशीच हाय.

चंदनबाला

---

पश्चिम किनारा
दि. २१ ऑगस्ट

ती. स्व. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आज ऊन पडले.

सकाळी आम्ही समुद्रावर होतो. देवमाशाची मादी पिल्लासह किनाऱ्याजवळ आलेली आहे, असे एल्साने सांगितले. सर्वजण दुर्बिणी लावून उभे होते, कुणालाच काही दिसत नव्हते. अचानक उत्कर्षाने बोट केले, आणि नेमके तिथेच पाणी फुटून काळी पाठ वर आली. मला किती आनंद झाला, तुला कल्पना नाही. तिला आमच्यापेक्षा जास्त दिसते, असे मी चारचौघांत अभिमानाने म्हटले. तिने त्या माशाचा श्वास ऐकला होता, हे मला आता कळते आहे.

तिथून बसने किनाऱ्याकाठच्या एका रक्षित माळावर गेलो. वाटेत तिला गाढ झोप लागली. उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते, आणि आक्का, समोर सगळे उघडले होते. नारिंगी, पांढरे, जांभळे, थेट समुद्रापर्यंत. मधूनच एखादे कासव फुलांतून मान काढी. माणसे थकली होती की भारावली होती, सांगता येत नाही. उतरली तिथेच उभी राहिली. वारा बोचरा, म्हणून तिला भिंतीच्या आडोशाला सावलीत बसवले, शाल दिली, पुढे डबा उघडून ठेवला आणि गरम पाणी आणायला गेलो.

परत आलो तर तिने डब्याचे झाकण लावले होते. हात जोडून तिचा णमोकार चालला होता. तो संपवून तिने रात्रीपुरता चारही आहारांचा, अगदी पाण्याचाही, त्याग घेतला, आणि मला हळूच म्हणाली की, तुम्ही यायच्या आत दिवस मावळला वाटते. असू द्या, आता सकाळीच पाहू.

तिच्या पावलांपासून चार हातांवर ऊन होते.

नाथाजी जवळच होते. आवं वैनी, एवढे त्यांच्या तोंडून गेले. मी हात वर केला आणि ते थांबले. मग त्यांनी इतरांना खुणेने दुसरीकडे नेले. टेकडीखालचा तो प्रसंग मला तेव्हा उमगला. ती मन राखत नव्हती. फुले मिटलेली आहेत, हे तिला दिसलेच नव्हते. घरात तिला डोळ्यांची गरज नव्हती म्हणून मी डोळे आहेत असे समजत राहिलो. ती इथे काही पाहायला आलेली नाही. मला दाखवायचे होते, म्हणून आली.

अजून दिवस आहे, हे सांगितले असते तर तिने इतके दिवस जपलेले सारे त्या परक्या माळावर, लोकांदेखत उघडे पडले असते. मी तिच्याशेजारी बसलो, माझाही डबा मिटला आणि तिच्यासारखाच त्याग घेतला. नंतर तिला बसमध्ये नेले आणि तिच्या गालावर ऊन पडू नये म्हणून खिडकीचा पडदा ओढला.

तिने विचारले की, ही फुले रात्री मिटतात ना. मी सांगितले, हो, मिटली सगळी. पडद्याच्या फटीतून ती दिसत होती, अजून उघडीच. ती म्हणाली की, बरे झाले, मिटण्यापूर्वी आपण पाहिली, आक्कांना कळवा.

म्हणून कळवतो आहे. चातुर्मासात असत्य बोललो. त्याचे प्रायश्चित्त काय, ते तू सांग. उपवास सांगितलास तर करीन. रागव, पण आम्हा दोघांवरची छाया काढून घेऊ नकोस.

तुझा,
पारस

---

कोरेगाव
२२ ऑगस्ट

चि. पारसास चंदनबालाचे अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अतिशयनं आणून दिलं. त्यानं वाटंत वाचलं आसणार, कारण दारात चपला न काढताच उभा ऱ्हायला.

मी तांदळाच्या दिवशीच वळखलं व्हतं. तिला इच्यारलं न्हाई. इच्यारलं आसतं तर तिला खरं सांगावं लागलं आसतं, मग तुझी फुलं ऱ्हायली आसती. तिचा जीव त्यात व्हता. ती म्हनली व्हती, आक्का, दुकान सोडून एवढ्या लांब कुठं गेलं न्हाईत हे. माझ्या निमित्तानं तरी जातील.

उपास करू नकोस. उपासाला काय, तू उपाशी राहून वर अंगठ्याएवढ्या अक्षरात हिशेब लिहून ठेवशील. तुला प्रायश्चित्त पायजे तर हे घे. घरी आलास की रोज, दिवस मावळायच्या आत, तिनं इच्यारायच्या आधी, तू म्हणायचं, ऊन हाय अजून, चल जेवायला. आंधळ्या माणसाला सांगत्यात तसं न्हवं. बायकोला हाक मारत्यात तसं. दुकानात कोण बी आसू दे, उठायचं आन म्हणायचं. एक दिवस चुकवायचा न्हाई. तिला कळंल तुला कळलंय ते. बोलायचं तवा तीच बोलंल.

फुलं कशी व्हती ते मला लिहू नकोस. माझ्याकडं या आन तिच्याच तोंडनं ऐकू दे. ती म्हणंल तशीच ती व्हती.

दशलक्षण पर्वाला दोघं हितंच या. तांदूळ निवडायचं ऱ्हायलंत, सूप भिंतीपाशीच ठेवलंय. माझ्या मायेला काय मुदत न्हाई. पर तुमी येताना ऊन हाय तवर पोचा.

तुझी,
आक्का