सरळ डोळ्यांत बघणारा एरॉल

उमेळे, वसई

प्रिय एरॉल,

फोन हाताशी असताना मम्मी पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर तू पुन्हा तसाच बघशील आणि विचारायचं ते राहून जाईल, म्हणून.

इकडे सगळे बरे आहेत. पप्पांनी सकाळी शेजारच्या नव्या बिल्डिंगच्या वॉचमनशी भांडण काढलं, म्हणजे तब्येत उत्तम. मी जन्माची संशयी, असं ते म्हणतात. असेन. कोळीण कितीही ताजं म्हणाली, तरी कल्ला उघडून बघितल्याशिवाय मी पापलेट घेत नाही.

तू बंगळुरूहून व्हिडिओ कॉल करायचास तेव्हा आम्हाला अर्धा पंखा आणि तुझं नाक दिसायचं. नुसत्या बनियनवर लोळत, खाली बघत बोलायचास, कारण खाली स्क्रीनवर आम्ही असायचो. ईस्टरनंतर एकदम इस्त्रीचा शर्ट, मागे कोरी भिंत आणि डोळे सरळ माझ्या डोळ्यांत. पोरगा सुधारला म्हणून पप्पा खूश. मला मात्र घास गोड लागेना. ऑफिसचं विचारलं की मस्त चाललंय म्हणतोस, तेही पापणी न हलवता. लहानपणी चिकू चोरायचास तेव्हा तुला हे कधी जमलं नव्हतं.

परवा तुझ्या लाडक्या बहिणीने, ग्लोरियाने, ऑनलाइन इंटरव्ह्यूच्या सरावासाठी मला साहेब केलं. मी स्वयंपाकघरात मोबाइल घेऊन, ती आत लॅपटॉपपुढे. कॅमेऱ्याशेजारी तिने वेलंकनी मातेचं चित्र चिकटवलं होतं. म्हणाली, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचंच नाही, कॅमेऱ्याच्या भोकाकडे बघायचं, म्हणजे त्याला वाटतं आपण त्याच्याकडेच बघतोय. मोबाइलमध्ये पाहिलं तर तीच नजर, तुझी. ज्याचं मस्त चाललंय त्याला ही सवय कशाला लागेल? तुझी नोकरी गेलीय ना, एरॉल? इंटरव्ह्यू देतोयस ना?

मी रागावलेले नाही. नोकरी जाते, दुसरी मिळते. पप्पांना मी सांभाळीन. पण पुढच्या महिन्यात चर्चमध्ये तुझ्या आणि सँड्राच्या लग्नाची पहिली घोषणा होईल, आणि काल ती पापडीहून मला भेटायला आली होती. लाजत सांगत होती, एरॉल हल्ली कॉलवर किती प्रेमाने बघतो, अगदी डोळ्यांत डोळे घालून. मी हसले आणि चहा टाकायला उठले. तिला कसं सांगू, की तेव्हा तुला ती दिसतच नसते? घोषणेआधी तिला खरं सांग. आणि सांगताना तिच्या चेहऱ्याकडे बघ, तिला तुझी नजर खाली गेलेली दिसली तरी चालेल.

संशयी असली तरी तुझीच,
मम्मी