मुंग्यांच्या मानाची गाठी

४ मार्च, वडवणी
एस.टी.नं हाडं खिळखिळी केली, तरी चित्त प्रसन्न आहे. पाडव्याच्या पुरवणीसाठी संपादकांनी मला साखरेच्या गाठ्यांच्या कारखान्यावर धाडलं आहे. काव्यतीर्थ पदवीचा इतका गोड उपयोग आमच्या गुरुजींनाही सुचला नसता. मालक अर्जुनराव यांनी साखरेच्या पोत्यांशेजारी खाट टाकून दिली. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक भट्टी आणि तालुक्यातल्या समस्त माशांचं अधिवेशन. बायका लाकडी साच्यांत दोरा ताणतात, वर उकळता पाक ओततात. निवला की पदकांची माळ तयार. गुढीला, नाहीतर पोरांच्या गळ्यात. चव? पांढऱ्या रंगाला चव असती तर हीच असती.

५ मार्च
आज इथलं दर्शनशास्त्र कळलं. रोज पहिल्या घाण्यातली एक गाठी शेडमागच्या वारुळावर ठेवतात. मुंग्यांनी तोंड लावेपर्यंत कुणी साखरेचा कण चाखत नाही. मी बायकांच्या मुकादमीण साखराबाईंना विचारलं, मुंग्या पोच देतात का? बाकीच्या खिदळल्या. साखराबाई म्हणाल्या, पेपरवाल्यांपरीस बऱ्या, खाल्ल्याला जागत्यात. उत्तर झकास, पण असल्या भाबडेपणाची मला कीव येते. उठलो, वारुळावरची ताजी गाठी उचलली, चहात बुडवून सर्वांसमक्ष खाल्ली. बायकांनी हातातले साचे खाली ठेवले. मग साखराबाई म्हणाल्या, सायेब, तेंच्या तोंडचं खाल्लं तुमी. आता त्या तुमच्यात हुडकतील.

७ मार्च
अंथरुणात मुंग्या. अर्जुनराव म्हणाले, साखरेच्या कारखान्यात मुंग्या न्हाई तर काय हत्ती येतील का? मान्य. पण उशाशी साखरेची पोती असताना त्यांना एकीनंही तोंड लावलेलं नाही. पिपीलिकांची अभिरुची उच्च दिसते. पाणी गोड लागतं. ठेचाही.

८ मार्च
घाम वाळला की बनियनवर पांढरा थर उमटतो. चाखून पाहिला. साखर. गावातल्या डॉक्टरनं रक्त तपासलं, शुगर नॉर्मल म्हणाला, वर गोड कमी खाण्याचा उपदेश केला. धन्वंतरीच्या कुळाची ही अवस्था!

१० मार्च
डाव्या करंगळीचं नख निघालं. रक्त नाही. आत पांढरं, कणीदार. दुखलं नाही, हेच जास्त— साखराबाईंना दाखवलं. त्या मागं सरल्या. म्हणाल्या, समद्या बायांपुढं वारुळाशी जावा, आपल्या हातानं गाठी ठिवा, चुकलो म्हणा. लई अवघड हाय का? त्यांना नसेल. मी मुंग्यांपुढे कान धरायचे, आणि ह्या बायकांनी ते पाहायचं? टेम्पोवाल्या नाथाच्या हाती किलोभर साखर वारुळावर पाठवली. तो सांगत आला, शिवल्या बी न्हाईत.

११ मार्च
करंगळी मोडली. कपाला लागली एवढंच. मुंग्यांनी ती उचलून नेली. रांगेत, शिस्तीत. मी पाहत राहिलो.

१२ मार्च
आठवडी बाजार. शेड रिकामी, बघणारं कुणी नाही. म्हणूनच आज आलो. वारुळाशी बसून लिहितो आहे. गाठी ठेवली. संस्कृतात क्षमा मागितली, चांगली उपजाती वृत्तात. साखराबाईंचं ते ओबडधोबड 'चुकलो' तोंडातून निघेना—

मुंग्या आल्या. गाठीला वळसा घालून. पायांवर—

म्हणतो. आता खरंच म्हणतो. जीभ हलत नाही. टाळूला घट्ट—

लांब रस्त्यावर साखराबाई. पिशवी घेऊन, पाठमोऱ्या. हाक निघत नाही. बाई, मागं बघा. सगळ्यांना बोलवा, बघू दे सगळ्यांना—

लिहिलेलं चालेल का? लिहितो. अजून हात आहे—

चु